फीड बघून जीव विटलाय, पण नेट सोडायचं नाहीये. तुम्ही लोक कुठे रमता?

रानवाटा_सातारा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहूनच टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी साताऱ्याची. नोकरी सांभाळून रानफुलांचे फोटो काढते. कास, यवतेश्वर, ठोसेघर, चाळकेवाडी हा सगळा पट्टा पायाखालचा. फोटो टाकायला एका अ‍ॅपवर खातं काढलं तेव्हा खरंच मजा यायची. बघणारी माणसं मोजकी होती पण जी होती ती फुलात रस असलेली होती. पाकळ्या किती, खोडाला लव आहे का, पानाची मागची बाजू दाखवा असं विचारायची, आणि मग कुणीतरी जाणकार येऊन सांगायचे की तुम्ही सोनकी म्हणताय ती सोनकी नाही, त्याच कुळातलं दुसरं आहे, आणि का नाही तेही नीट समजावायचे. मला वनस्पतीशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, आज जे काही कळतं ते अशा अनोळखी लोकांनी शिकवलेलं आहे, त्यामुळे नेटवर माझा राग नाही हे आधीच सांगते.

पण आता तेच खातं उघडायचं म्हटलं की नकोसं होतं. नुसता फोटो टाकला तर तो जातो कुठे तेच कळत नाही, मला फॉलो करणाऱ्यांना सुद्धा दिसत नाही. त्यालाच गाणं लावून रील केलं की धडाधड लोक बघतात पण त्यांना फुलाचं नाव नको असतं. खाली नुसतं 'लोकेशन?' 'ताई लोकेशन प्लीज' 'डीएम करा ना'. गेल्या पावसाळ्यात एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कंदीलपुष्पाचे दोनतीन वेल होते, आमच्यातल्या चारपाच जणांनाच ती जागा माहीत होती आणि आम्ही कुणीही ती कधी बाहेर सांगितली नव्हती. कुणा तिसऱ्यानेच नकाशाच्या पिनसकट रील टाकलं. नंतरच्या रविवारी गेले तर गवत पार झोपवलेलं, वेलाचा शेंडा तुटून सुकलेला, आणि कंद होता तिथे वीतभर खड्डा. हे फूल म्हणजे एवढासा हिरवट कंदील असतो, आत शिरलेली माशी नळीतल्या केसांमुळे लगेच बाहेर पडू शकत नाही, ते केस मरगळले की सुटते आणि पराग घेऊन पुढच्या फुलावर जाते. इतकं बारीक गणित आहे त्याचं, आणि ते काही सेकंदांच्या व्हिडिओपायी संपलं. घरी येऊन रडले मी. कास २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं त्यामुळे तिथे निदान बुकिंग आणि पहारा आहे, बाकीच्या सड्यांना वाली कोण?

दुसरं म्हणजे भांडणं. फुलाचं नाव चुकलंय असं एखाद्याने साधं सांगितलं तरी समोरचा त्याचा पक्ष काढतो, मग आडनावावरून सुरू होतं, आणि ती कमेंटच सगळ्यात वर दिसत राहते कारण तिच्यावर सगळ्यात जास्त लोक तुटून पडलेले असतात. फुलाच्या फोटोखाली हे चाललंय! आणि तिसरं, घरचा ग्रुप. सकाळी फुलांवर लिहिलेलं सुप्रभात, दुपारी कॅन्सरवर रामबाण काढा, रात्री कुठल्यातरी दंगलीचा व्हिडिओ. बाहेर पडावं तर आत्या बोलणार, राहावं तर डोकं फिरतं.

रात्री जेवणं झाली की मी आणि माझी नववीतली मुलगी एकाच सोफ्यावर दोन टोकांना दोन फोन घेऊन बसतो, तास कधी गेला कळत नाही आणि काय बघितलं विचाराल तर सांगता येत नाही. याची मला आता भीती वाटायला लागलीये.

तर प्रश्न असा की तुम्ही काय करता? 'फोन ठेवा आणि पुस्तक वाचा' हा सल्ला कृपया देऊ नका, तो मला माहीत आहे. मला नेटवर राहायचंय पण माणसांसारखं. जाणकारांशी बोलता येईल, जमलं तर मराठीत, आणि किती लोकांनी बघितलं हा आकडा डोक्यात बसणार नाही अशी जागा हवीये. ट्विटरसारखं ते मास्टोडॉन वगैरे कुणी वापरलंय का? आरएसएस, म्हणजे साइटवरचं नवीन लिखाण आपल्याकडे आणून देणारं फीड, अजून चालतं का? आणि आत्याला न दुखावता ग्रुपचं काय करायचं?


जोशीकाका_डोंबिवली:

ताई, ग्रुपचं आधी सांगतो कारण ते दुखणं घरोघरचं आहे. बाहेर पडू नका, नात्यात त्याचा अर्थ भलताच लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप म्यूट करताना 'नेहमीसाठी' असा पर्याय येतो तो निवडा, मग ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका, आणि सेटिंगमध्ये चॅट अर्काइव्हच राहू दे असं एक बटण आहे ते चालू ठेवा म्हणजे नवीन मेसेज आला तरी ग्रुप वर येऊन बसत नाही. फोटो आणि व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. प्रायव्हसीमध्ये ग्रुप्स म्हणून आहे तिथे 'माझे कॉन्टॅक्ट्स' करा, मग परका कुणी तुम्हाला परस्पर ग्रुपात ओढू शकत नाही. एवढं केलं की ग्रुप तुमच्याकडे येत नाही, तुम्ही ग्रुपकडे जाता. मी संध्याकाळी चहाच्या वेळी एकदा उघडतो, वाढदिवस बारसं असेल तर बोलतो, कुणी आजारी असेल तर फोन करतो.

फॉरवर्डच्या बाबतीत मात्र मी गप्प बसत नाही आणि कुणी बसू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच माणसं ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा मोबाइलवर पसरल्या होत्या, एवढंच कारण. त्याच महिन्यात भारतात फॉरवर्ड करायला एका वेळी पाच चॅटची मर्यादा आली आणि एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. अशा मेसेजवर दोन बाणांची खूण येते, ती ओळखायला मी आमच्या घरातल्या सगळ्या ज्येष्ठांना शिकवलंय. आणि एक पथ्य पाळतो, ग्रुपवर कुणालाही खोडून काढत नाही. चारचौघात खोडलं की माणूस हट्टाला पेटतो. फोन लावतो, 'अण्णा, त्यावर दोन बाण आहेत बघा, म्हणजे मूळ कुणाचं ते कुणालाच माहीत नाही' असं म्हणतो, बहुतेक वेळा स्वतःच काढून टाकतात.

आरएसएस अगदी चालतं, मी रोज वापरतो. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं तेव्हा सगळ्यांनी आरएसएसचं श्राद्धच घातलं होतं, पण ती एका कंपनीची सेवा होती, आरएसएस कुणाच्या मालकीचं नाही. ती साध्या मजकुराची एक फाइल असते, साइटवर नवीन लेख आला की त्यात एक नोंद वाढते आणि आपल्या फोनमधला रीडर ती आणून दाखवतो, तुम्ही ज्यांना निवडलंय तेच दिसतात, ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने दिसतात, आणि सगळं वाचून झालं की 'संपलं' असं येतं! हे संपणं फार महत्त्वाचं आहे हो. फीडली, इनोरीडर ही नावं शोधा, फुकटात काम भागतं. यूट्यूब चॅनेलचं सुद्धा फीड असतं, चॅनेलचा पत्ता रीडरमध्ये टाकला की नवीन व्हिडिओ तिथेच कळतो, मग यूट्यूबच्या पहिल्या पानावर जायची गरजच नाही. आणि यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाकलीत तर ते पहिलं पान रिकामं होतं, तेही करून बघा.


सुमेध_लातूर_बर्लिन:

मास्टोडॉनबद्दल मी सांगू शकतो, मी बरीच वर्षं तिथे आहे. हे २०१६ मध्ये ऑयगेन रोच्को नावाच्या जर्मनीतल्या तरुणाने सुरू केलं. एक कंपनी नाही, हजारो छोटे छोटे सर्व्हर आहेत, कुठे एखादी संस्था चालवते, कुठे चार मित्र वर्गणी काढून चालवतात, आणि जसं एका कंपनीच्या ईमेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ईमेलला पत्र जातं तसं एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलतो. त्यामागची जी पद्धत आहे अ‍ॅक्टिव्हिटीपब, ती वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्य केली. जाहिराती नाहीत, टाइमलाइन वेळेनुसार लागते, तुम्ही कुणाला फॉलो केलंय तेवढंच दिसतं.

तुमच्यासाठी दोन गोष्टी खास. तिथे फोटो टाकताना खाली वर्णन लिहायची पद्धत आहे, अंध लोकांच्या फोनला ते वाचून दाखवता यावं म्हणून. कुणी न लिहिता टाकलं तर लोक प्रेमाने आठवण करून देतात. म्हणजे 'सुंदर' लिहून चालत नाही, फिक्कट जांभळी, पाच पाकळ्या, खालच्या पाकळीवर पिवळा ठिपका, असं लिहावं लागतं, आणि तुम्ही ज्या काळात रमला होतात असं म्हणता तशी बोलणारी माणसं मग त्यातूनच भेटतात. दुसरं, फुलांचे फोटो टाकणारे ब्लूमस्क्रोलिंग असा टॅग वापरतात, तो टॅगच फॉलो करता येतो, सकाळी उघडलं की जगभरातली फुलं.

पण खोटी आशा लावत नाही, मराठीत तिथे शुकशुकाट आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टातल्या एका ज्येष्ठ वकिलांचं ट्विटर खातं निलंबित झालं त्या रागाने भारतातून लोकांची लाट आली होती, मलाही वाटलं आता इथे आपली माणसं जमणार, पण आठवडेभरात बहुतेक परत गेले कारण ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे तिकडेच होते. नुसती चांगली जागा असून भागत नाही, दहाबारा जणांनी ठरवून एकत्र यावं लागतं. तुम्ही तुमच्या त्या चारपाच जणांना घेऊन आलात तर वेगळी गोष्ट.

आणि एक विचार करा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं, त्यावर मराठी कम्युनिटीज किती होत्या, कवितांच्या, गडांच्या, गावांच्या, सगळं गेलं. कू २०२० मध्ये आलं, आपल्या भाषांचं म्हणून आलं, मी आशेने गेलो होतो, जुलै २०२४ मध्ये तेही बंद. त्यामुळे जिथे जाल तिथे आपलं लिहिलेलं आपल्याकडे उतरवून घेता येतं का हे पहिल्या दिवशी बघा. मास्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर बरोबर येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत, हे पण माहीत असू द्या.


चटणीमसाला_कागल:

सगळ्यांचं वाचलं, पटतंय पण माझी बाजू पण मांडते. आमचा बारा बायकांचा बचत गट आहे, चटणी, काळा मसाला, सांडगे, शेवया. आमचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक रीलवरून येतं. पुण्यामुंबईची माणसं एरवी आमच्या दारात कशाला आली असती. तेव्हा रील म्हणजे सगळं वाईट असं ऐकलं की लागतं मनाला, कारण त्यावर आमच्या पोरींच्या फिया भरल्या गेल्यात.

पण त्रास आम्हाला पण तोच आहे ताई. मिरची कांडपाला आल्यापासून मसाला भाजेपर्यंतचा नीट व्हिडिओ केला, एकेक जिन्नस दाखवला, तर तो बघत नाही कुणी. तिखटाने ठसका लागून डोळ्यातनं पाणी आलं तेवढाच तुकडा कुणीतरी उचलला तर तो गाजला, आणि खाली काय काय लिहिलं होतं बायकांच्या दिसण्यावरून ते इथे लिहिता येत नाही. तेव्हापासनं आम्ही ठरवलंय, ज्या पोरीकडे फोन आहे तिने एकटीने कमेंट वाचायच्या नाहीत. दुपारी काम आवरलं की चौघी एकत्र बसतो, ऑर्डरचं तेवढं उत्तर देतो, घाण असेल ते काढून टाकतो, फोन बंद. आणि एकदा आलेलं गिऱ्हाईक आम्ही ब्रॉडकास्ट लिस्टवर घेतो, नाव विचारून, परवानगी घेऊन. पुढच्या वेळी त्यांना थेट कळवतो, मध्ये कुणी लागत नाही. हळूहळू असं सगळं गिऱ्हाईक थेट झालं की रील बंद करायचं आमच्या मनात आहे, पण आज नाही जमणार.


कडेगावची_लेक:

माझं माहेर सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात. शेजारचं मोहित्यांचे वडगाव तुम्ही बातम्यांत बघितलं असेल, तीनेक हजार वस्तीचं गाव. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघर टीव्ही मोबाइल बंद, साडेआठला परत वाजला की चालू. कोरोनात शाळा मोबाइलवर गेली आणि परत सुरू झाली तरी पोरांच्या हातातनं मोबाइल सुटेना, म्हणून गावाने हे केलं. सुरुवातीला लोक हसले, मग आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त गुरुजी दारोदार फिरले तेव्हा बसलं.

मला यातलं सगळ्यात काय पटतं तर हे कुणा एकट्यावर ढकललेलं नाही. आपण म्हणतो मनावर ताबा ठेव, अ‍ॅप काढून टाक, पण बाकी सगळे त्यातच असले की एकटीने किती दिवस धरून राहायचं? सगळं गावच बंद असलं की पोराला 'मलाच का' म्हणायला जागा उरत नाही, आणि बापाला पण. यवतमाळात पुसद तालुक्यात बान्सी गावाने त्याच वर्षी अठराच्या आतल्या मुलांना मोबाइल नको असा ठराव केला, ते मला तेवढं नाही पटत, कारण मोठे हातात फोन घेऊन लहानांना बंदी करतात ते टिकत नाही. ताई तुम्ही लेकीबरोबर सोफ्याचं लिहिलंत म्हणून म्हणते, तुमच्या इमारतीत दोनतीन घरं जरी तयार झाली ना, मुलीच्या वयाची मुलं असलेली, तर तेवढ्यावर सुरू करा. आम्ही इथे सासरी चार घरांनी केलंय, जेवणाआधीचा एक तास. मुलं खाली खेळतात नाहीतर अभ्यास करतात, आणि आम्ही बायका कट्ट्यावर बसतो, जे आधी फक्त स्टेटसवरून कळायचं ते आता तोंडाने कळतं.


भटक्या_९:

कडेगावताई +१. आणि 'संपलं' असं दिसणं महत्त्वाचं हे काकांचं एकदम बरोबर. पूर्वी साइटवर खाली पान १, २, ३ असायची, पुढच्या पानाला बोट लावावं लागायचं तेवढ्यात माणूस थांबायचा. न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना २००६ मध्ये अझा रास्किनने काढली आणि त्याने स्वतःच पुढे त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केलीये.


गवतवेडा:

रानवाटाताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, मी पण सड्यांवरचाच माणूस, गवतं बघतो. तुमच्यासाठी जागा आहे आणि ती आयनॅचरलिस्ट. तुम्ही ऐकलं असेलच, पण बहुतेक लोक नाव शोधायचं अ‍ॅप म्हणून एकदा वापरतात आणि सोडतात, तसं करू नका.

हे २००८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलं, २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था आहे, जाहिराती नाहीत. तुम्ही फोटो, तारीख, जागा टाकायची. नोंदीवर 'ओळख हवी' असं येतं. मग कुणीतरी, कदाचित बंगळुरूचा, कदाचित चेक देशातला, येऊन सांगतो की हे अमुक असावं. दुसरा येऊन दुजोरा देतो किंवा देत नाही. प्रजातीपर्यंत किमान दोघांचं, आणि मतभेद असतील तर दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत झालं की ती नोंद 'रिसर्च ग्रेड' होते आणि अभ्यासकांना वापरता येते. म्हणजे इथे मतभेद झाला तर तो सोडवायलाच लागतो, आणि सोडवायला पानाचा देठच बघावा लागतो, समोरच्याचं आडनाव बघून उपयोग नाही. माझ्या एका गवतावर दोन जाणकारांचं बरेच दिवस चाललं होतं, एकाने शेवटी मला सांगितलं की कणसातला एकच दाणा सोलून भिंगाखाली धरा, त्याच्या टोकाला केसासारखं कूस असतं ते पिळदार आहे की सरळ ते टाका. पोस्टकार्डावर दाणा ठेवून फोटो काढला, कूस पिळदार निघालं, दोघंही खूश. असं शिकायला मिळतं!

आता तुमच्या मूळ दुखण्याचं. नोंद टाकताना जागा 'उघडी', 'धूसर' किंवा 'खाजगी' असं निवडता येतं. धूसर केलं की नकाशावर खरी जागा न दिसता साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो. संकटग्रस्त म्हणून ज्या प्रजाती तिथे नोंदलेल्या आहेत त्यांची जागा तर आपोआपच धूसर होते. कंदीलपुष्पं, वायतुरा, आमऱ्या असलं काहीही टाकताना मी स्वतः तपासून धूसर करतोच, यादीवर विसंबत नाही. आणि नोंदीच्या वर्णनात गावाचं, पाणवठ्याचं नाव लिहू नका, लोक तिथून पत्ता काढतात.

एक उणं आहे, बोलणं बहुतेक इंग्रजीत चालतं. पण प्रजातींना मराठी नावं जोडता येतात आणि ती फार कमी आहेत. तेरडा, चवर, सोनकी आहेत, पण एकाच फुलाला महाबळेश्वराकडे वेगळं, भोरकडे वेगळं नाव असतं, ते तुमच्यासारखे फिरणारे लोकच घालू शकतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घाला. हे काम मला वाटतं फोटोपेक्षा मोलाचं आहे कारण ती नावं सांगणारी माणसं कमी होतायत.


वाचनवेडी_नागपूर:

माझं उत्तर थोडं वेगळं आहे. मी रात्री रील बघायचे त्या वेळात आता विकिस्रोतावर बसते. लेखक गेल्याला साठ वर्षं उलटली की आपल्याकडे पुस्तक स्वामित्व हक्कातून मोकळं होतं, अशी जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून तिथे टाकलेली आहेत. पडद्याच्या एका बाजूला जुन्या पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला मशीनने वाचलेला मजकूर, आपण चुका काढायच्या. मशीन ध चा घ करतं, भ चा म करतं, रफार तर हमखास खातं, जुन्या छपाईत टाइप झिजलेला असला की काना गायब. जसं छापलंय तसंच ठेवायचं, आपलं आजचं शुद्धलेखन लादायचं नाही. न तपासलेलं पान लाल असतं, एकाने तपासलं की पिवळं, आणि दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासलं की हिरवं. स्वतःचं पान स्वतः हिरवं करता येत नाही. माझी पानं कोण हिरवी करतं मला माहीत नाही, कधी बोललो नाही आम्ही, पण त्या माणसाने माझा राहिलेला अनुस्वार दुरुस्त केला की मला फार बरं वाटतं.

एक पान झालं की थांबता येतं. मी शंभर वर्षांपूर्वीचं शेतीवरचं एक पुस्तक करतेय, त्यात ज्वारीच्या जातींची नावं आहेत, एकही मी ऐकलेली नव्हती, वडिलांना फोन करून विचारते, त्यांना त्यातली काही आठवतात. नेटवरच आहे की हे सगळं! आणि मराठीच हवं असेल तर मायबोली १९९६ पासून आहे, मिसळपाव २००७ पासून, ऐसी अक्षरे २०११ पासून, तिथल्या जुन्या धाग्यांवर निसर्गावर लिहिणारी इतकी तयारीची माणसं आहेत की महिनाभर वाचत बसाल.


रानवाटा_सातारा:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ग्रुप अर्काइव्ह केला, आत्याला फोन केला, वीस मिनिटं बोललो आणि काढ्याचा विषयही निघाला नाही. मसालाताई, तुमचं चौघींनी मिळून कमेंट वाचायचं फार आवडलं, आणि तुमचा पत्ता द्या, काळा मसाला मागवायचाय. गवतवेडा दादा, धूसर करता येतं हे खरंच माहीत नव्हतं, आज मुलीला बरोबर घेऊन खातं काढलं, नावं विचारायची जबाबदारी तिने घेतलीये कारण तिची पणजी अजून आहे आणि तिला झाडं ओळखता येतात.

दोन शंका. माझ्याकडे जुने खूप फोटो आहेत पण तेव्हा कॅमेऱ्यात लोकेशन नव्हतं, ते टाकता येतील का? आणि काका, मी स्वतःचा ब्लॉग केला तर त्याचं आरएसएस मला वेगळं बनवावं लागेल का?


गवतवेडा:

जुने जरूर टाका, त्यांचीच जास्त गरज आहे, कारण आधी कुठे काय फुलत होतं हे त्यावरूनच कळतं. तारीख फोटोच्या फाइलमध्ये असते ती आपोआप उचलली जाते, फक्त त्या वेळी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं ना ते बघा. जागा नकाशावर हाताने द्यायची, नक्की आठवत नसेल तर वर्तुळ मोठं काढायचं, अख्खा सडा त्यात बसला तरी चालतं. चुकीच्या ठिकाणी बारीक ठिपका देण्यापेक्षा मोठं वर्तुळ बरं. एकाच फुलाचे सगळे फोटो एका नोंदीत घाला, त्यात पान आणि खोड दिसणारेही असू द्या.


जोशीकाका_डोंबिवली:

काही बनवावं लागत नाही. वर्डप्रेस किंवा ब्लॉगर कुठेही ब्लॉग काढलात तर फीड आपोआप तयार होतं, वाचणाऱ्याने रीडरमध्ये ब्लॉगचा नुसता पत्ता टाकला तरी ते सापडतं. फक्त ब्लॉगरवर सेटिंगमध्ये फीड 'पूर्ण' ठेवा, 'थोडकं' ठेवलंत तर रीडरमध्ये अर्धाच लेख दिसतो. ब्लॉग झाला की पत्ता इथे टाका.